टॅब घेण्याआधी टेबल मोजा: ग्राफिक टॅब्लेटच्या साइजबाबत या चुका टाळा

गेली अकरा वर्षं मी लहान मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढते आणि रविवारी सकाळी दादरला डिजिटल ड्रॉइंग शिकवते. नवी बॅच सुरू झाली की पहिल्याच दिवशी दोन-तीन जण ग्राफिक टॅब्लेटचा, म्हणजे ज्या पाटीवर पेन फिरवलं की रेघ संगणकाच्या स्क्रीनवर उमटते तिचा, नवाकोरा खोका घेऊन येतात आणि विचारतात, "ताई, साइज बरोबर घेतली ना?" हा प्रश्न आठ दिवस आधी विचारला असता तर किती बरं झालं असतं, असं मला दर वेळी वाटतं. कारण तोवर पैसे गेलेले असतात, आणि ते बहुतेक वेळा आईवडिलांचे किंवा पहिल्या पगाराचे असतात.

प्रेशर किती (पेन किती दाबलं ते टॅबला किती बारकाईने कळतं), नीब म्हणजे पेनची टोकं किती मिळतात, कंपनी कोणती, यावर या मुलांनी रात्र रात्र व्हिडिओ पाहिलेले असतात. घरातलं टेबल किती सेंटिमीटर खोल आहे, हे मात्र कोणीच मोजलेलं नसतं. टॅबची साइज तुमचा हात, तुमची स्क्रीन आणि तुमचं टेबल या तिघांनी मिळून ठरते. बजेट त्यानंतर. हा क्रम उलटा केला की पुढच्या सगळ्या चुका ओळीने होतात.

खोक्यावरचं 'स्मॉल' आणि 'मीडियम' वाचून घेणं

ही सगळ्यात सोपी चूक आहे, म्हणून आधी उरकते. टॅब बाहेरून केवढा दिसतो याला अर्थ नाही. पेन जेवढ्या चौकोनात चालतं तो ॲक्टिव्ह एरिया पाहायचा. वॅकॉमचा इंट्युओस स्मॉल बाहेरून २०० × १६० मिमी आहे, पण रेघ उमटते ती १५२ × ९५ मिमीच्या भागात. मीडियम बाहेरून २६४ × २०० आणि आत २१६ × १३५. एक्सपी-पेनचा डेको ०१ किंवा ह्युइऑनचा एच१०६०पी घेतलात तर आतला भाग साधारण २५४ × १५९ मिमी मिळतो. दुकानात बोलताना या सगळ्यांनाच लोक 'मध्यम' म्हणतात. ह्युइऑनचा एच४३०पी तर १२२ × ७६ मिमीचा आहे. तो सही करायला, गेम खेळायला, ऑनलाइन शिकवणीत गणित सोडवून दाखवायला छान आहे. चित्रकलेसाठी मी तो कोणालाही सुचवणार नाही.

मिलिमीटर डोळ्यांपुढे येत नसतील तर कागद आठवा. ए-४ कागद मधोमध दुमडला की ए-५ होतो, तो वॅकॉमच्या मीडियमच्या जवळपास. आणखी एकदा दुमडला की ए-६, तो स्मॉल. पूर्ण ए-४ म्हणजे लार्ज. एवढं लक्षात ठेवलंत तरी खोक्यावरच्या शब्दांनी फसणार नाही.

"घ्यायचा तर मोठाच घेऊ"

या चुकीवर मी जास्त बोलणार आहे, कारण ती मेहनती मुलं करतात आणि त्यांचंच जास्त नुकसान होतं.

लालबागची एक मुलगी माझ्याकडे यायची. हात उत्तम. एलिमेंटरी, इंटरमिजिएट दोन्ही परीक्षांना ए ग्रेड, पुढे कमर्शियल आर्ट. नोकरी लागल्यावर तिने पहिल्या चार पगारांतून पैसे बाजूला काढले आणि इंट्युओस प्रो लार्ज घेतला. अंग ४३० × २८७ मिमी, वजन सव्वा किलोच्या वर. लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून तो घेऊन आली तेव्हा तिचा चेहरा इतका फुलला होता की मी काहीच बोलले नाही. बोलायला हवं होतं. ती हुरहुर मला अजून आहे.

दीड महिन्याने ती म्हणाली, "ताई, उजवा खांदा वर उचलला जात नाही." मी तिच्या घरी गेले. चाळीतली दहा बाय बाराची खोली, खिडकीशी घडीचं टेबल. पर्समधली टेप काढून मोजलं तर टेबल ६० सेंटिमीटर रुंद आणि ४५ सेंटिमीटर खोल. त्यावर तिचा लॅपटॉप २४ सेंटिमीटर जागा खात होता. २४ आणि २८.७ मिळून ५२.७. म्हणजे टॅब टेबलाच्या कडेबाहेर जवळजवळ आठ सेंटिमीटर लोंबत होता. तो पडू नये म्हणून ती त्याची कड पोटाशी टेकवून बसायची. कोपर टेकायला जागा नाही, त्यामुळे अख्खा हात अधांतरी. चुकलेली रेघ मागे घ्यायला कंट्रोल-झेड दाबायचं तर डावा हात टॅबवरून ताणून लॅपटॉपच्या कीबोर्डपर्यंत न्यायचा. दिवसाला शंभर वेळा. खांदा दुखणारच.

टॅबमध्ये काडीचाही दोष नव्हता. लार्ज पाटीवर हात खांद्यातून फिरतो आणि तो आनंद खरोखर वेगळा आहे. जे.जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये बोर्डवर हाफ इंपीरियल कागद लावून, उभं राहून ज्यांनी चारकोल चालवलाय त्यांना मी काय म्हणते ते कळेल. पण खांद्यातून काढायचं तर खांद्याला जागा लागते, खोल टेबल लागतं, कीबोर्डला वेगळा कोपरा लागतो. मुंबईत किती घरांत हे आहे? जेवणाचं, अभ्यासाचं आणि इस्त्रीचं टेबल एकच असेल तर ती जागा कुठून आणणार?

तिने तो टॅब निम्म्या किमतीत एका ॲनिमेशनवाल्याला दिला आणि मीडियम घेतला. २४ अधिक २० म्हणजे ४४. पंचेचाळीसच्या टेबलावर एक सेंटिमीटर शिल्लक. सोबत छोटा ब्लूटूथ कीबोर्ड, जो टॅबच्या डाव्या बाजूला राहतो. आज ती त्याच टेबलावर, त्याच खिडकीत बसून पूर्ण वेळ काम करते.

मोठ्या टॅबच्या बाजूने एक गोष्ट नक्की सांगायला हवी: ड्रायव्हरमध्ये, म्हणजे टॅब चालवणाऱ्या संगणकातल्या सॉफ्टवेअरमध्ये, जाऊन त्याचा थोडाच भाग चालू ठेवता येतो. लार्ज घरात येऊन पडलाच असेल आणि टेबल पुरत असेल तर आधी हे करून पाहा, मग विकायचा विचार करा. लहान टॅबला मात्र ताणून मोठा करता येत नाही. त्यामुळे स्मॉल आणि मीडियममध्ये अडलात आणि टेबलावर मीडियम बसत असेल, तर मी मीडियमच सांगते.

कागद कापून पाहायचा कंटाळा

माझ्या वर्गात नियम आहे: टॅब घ्यायचाय तर आधी कागदाचा टॅब आठ दिवस वापरायचा. मुलं हसतात, काहींना अपमान वाटतो. तरी मी नियम सोडत नाही.

जुन्या कॅलेंडरचं जाड पान घ्या. टॅबच्या बाहेरच्या मापाचा आयत कापा आणि त्याच्या आत पेन्सिलने ॲक्टिव्ह एरिया आखा. टेबलावर स्क्रीनच्या बरोबर समोर सेलोटेपने चिकटवा. आता रोजचं काम करताना तो तिथेच राहू द्या. ताट कुठे ठेवता, माऊस कुठे जातो, कोपर कुठे टेकतं, ते पाहा. दिवसातून दहा मिनिटं नजर स्क्रीनवर ठेवून, कागदाकडे न पाहता, आखलेल्या चौकोनात पेन्सिलने लांब रेघा आणि गोल काढा. रेघा चौकोनाबाहेर जातात का? की हात मध्यातच घुटमळतो आणि कडेचा कागद कोरा राहतो? आठव्या दिवशी त्या कागदावरचा काळा डाग पाहिला की तुमचा हात किती जागा मागतो ते दिसतं. कोणत्याही व्हिडिओत हे कळणार नाही, कारण व्हिडिओतला हात दुसऱ्याचा आहे.

आणखी एक माप घ्या. तळहाताची कड कागदावर घट्ट टेकवा आणि फक्त मनगट फिरवून कंस काढा. माझा कंस साडेनऊ सेंटिमीटर भरतो. जो माणूस एवढ्यातच काम करतो, बारीक इंकिंग (कच्च्या चित्रावर पक्क्या रेघा) करतो, फोटो रिटच करतो, त्याला स्मॉल पुरतो, आणि त्याने उगाच मोठा घेऊ नये. ज्याची रेघ कोपरातून येते त्याला स्मॉलवर गुदमरल्यासारखं होतं.

आठ दिवस थांबायला सांगितलं की "पण ताई, सेल रविवारी संपतोय" हे हमखास ऐकू येतं. सेल पुन्हा येतो. घाईत घेतलेला टॅब कपाटावर धूळ खात पडलेला मी इतक्या घरांत पाहिलाय की या वाक्यावर माझं उत्तर आता ठरलेलं आहे: जाऊ दे तो सेल.

स्क्रीन न मोजता टॅब घेणं, आणि मॅपिंगकडे न बघणं

ही माझी दुसरी दुखरी जागा. मॅपिंग म्हणजे पाटी स्क्रीनच्या किती भागावर पसरायची, ते ठरवणारं ड्रायव्हरमधलं सेटिंग.

टॅबवरची हाताची हालचाल स्क्रीनवर किती पट होते हा साधा भागाकार आहे. १५.६ इंची लॅपटॉपची स्क्रीन सुमारे ३४५ मिमी रुंद असते. स्मॉलचे १५२ मिमी त्यावर पसरले की हालचाल सव्वादोन पटींहून थोडी जास्त होते. मीडियमवर तीच १.६ पट. २४ इंची मॉनिटर सुमारे ५३० मिमी रुंद, म्हणजे स्मॉलवर साडेतीन पट आणि मीडियमवर अडीच पट. हात अर्धा मिलिमीटर थरथरला तर साडेतीन पटीत तो थरकाप स्क्रीनवर पावणेदोन मिलिमीटरचा दिसतो. मग मुलं म्हणतात, "माझा हात स्थिर नाही." हात स्थिर असतो. स्क्रीन मोठी आणि पाटी लहान असते. मी स्वतः अडीच पटींच्या वर जात नाही. हा माझ्या हाताचा आकडा आहे, तुमचा थोडा वेगळा असू शकेल.

इथे लगेच कोणीतरी रिझोल्यूशनचा आकडा पुढे करतं: ५०८० एलपीआय आहे, मग लहान टॅब चालेलच की! टॅब पेनची जागा किती बारकाईने वाचतो एवढंच तो आकडा सांगतो. तुमची थरथरसुद्धा तो तितक्याच बारकाईने वाचणार.

आता डोंबिवलीच्या मुलाची गोष्ट. नोकरी एका लहान स्टुडिओत, काम गेमसाठी कॅरेक्टर काढायचं. तिथे त्याला स्मॉल टॅब आणि २४ इंची दोन मॉनिटर दिले होते. दोन महिन्यांनी माझ्या वर्गातल्या टॅबवर बसला आणि त्याने काढलेला प्रत्येक गोल उभट, अंड्यासारखा यायला लागला. चेहरे लांबोडके. कागदावर पेन्सिल दिली तरी तेच. तो घाबरला. त्याला वाटलं डोळ्यांना काही झालंय, चष्म्याचा नंबर तपासून आला.

मी त्याला ऑफिसातल्या सेटिंगचा फोटो पाठवायला सांगितलं. मॅपिंगमध्ये दोन्ही स्क्रीन निवडलेल्या होत्या. दोन मॉनिटर जोडले की बरेचदा ड्रायव्हर आपणहून पाटी दोन्हींवर पसरवतो, आणि तिकडे कोणी पाहत नाही. हिशेब मांडून पाहा. आडवे १५२ मिमी पसरले १०६० मिमीवर, म्हणजे सात पट. उभे ९५ मिमी पसरले ३०० मिमीवर, म्हणजे तीन पटींहून थोडं जास्त. हाताने खरा गोल काढला तर स्क्रीनवर तो दुपटीहून जास्त चपटा दिसणार. स्क्रीनवर गोल दिसावा म्हणून त्याचा हात नकळत दोन महिने उभट अंडी काढायला शिकला होता. माणसाचा हात इतका गुणी असतो की चुकीचं सेटिंगसुद्धा मनापासून शिकतो. म्हणूनच मला या चुकीचा इतका राग येतो.

त्याने ऑफिसात मॅपिंग एकाच मॉनिटरवर आणलं आणि 'फोर्स प्रपोर्शन्स' चालू केलं. या पर्यायाचं नाव प्रत्येक कंपनीच्या ड्रायव्हरमध्ये थोडं वेगळं असतं. अर्थ एकच: पाटीचं आणि स्क्रीनचं प्रमाण सारखं ठेव. मग रोज सकाळी काम सुरू करण्याआधी शंभर गोल. हात ताळ्यावर यायला तीन आठवडे लागले.

हाच बिघाड एकाच मॉनिटरवरही होतो, फक्त इतका कमी की चटकन कळत नाही. जुन्या बऱ्याच टॅबचं प्रमाण १६:१० आहे आणि स्क्रीन १६:९. प्रमाण बांधून घेतलं नाही तर गोल सुमारे ११ टक्के रुंद होतो. बांधून घेतलं तर पाटीची थोडी पट्टी निकामी होते: मीडियमच्या १३५ मिमीपैकी साडेतेरा मिमी जातात. जाऊ देत. मात्र दोन्ही मॉनिटरवर पसरलेल्या स्मॉलचं प्रमाण बांधलंत तर ९५ पैकी उणेपुरे ४३ मिमी उरतात, चार बोटं रुंदीची पट्टीसुद्धा नाही. म्हणून आधी मॉनिटर एक करायचा, मग प्रमाण बांधायचं.

तपासायला अर्धं मिनिट लागतं. टॅबवर एखादी गोल बशी किंवा डबीचं झाकण पालथं ठेवा आणि पेन कडेने फिरवा. स्क्रीनवर गोल आला तर सेटिंग बरोबर. अंडं आलं तर ड्रायव्हर उघडा. मी नव्या बॅचला पहिल्या रविवारी हेच करायला लावते, आणि त्यासाठी पिशवीत एक स्टीलची वाटी कायम असते.

बाकीच्या, थोडक्यात

साइजवर पैसे वाचवून ८१९२ प्रेशर लेव्हलमागे धावू नका. मी २०४८ लेव्हलच्या टॅबवर पाच पुस्तकं केली आहेत आणि त्यांच्या रेघांत कोणाला काही कमी वाटलेलं नाही.

टॅब तिरका ठेवू नका. वहीसारखा वळवून ठेवलात की सरळ ओढलेली रेघ स्क्रीनवर कलते. वळवायचाच तर सॉफ्टवेअरमधला कॅनव्हास, म्हणजे चित्राचं पान, वळवा.

डावखुऱ्यांनी टॅब १८० अंश फिरवायची सोय ड्रायव्हरमध्ये शोधावी. ती असते. आणि कागदाचा टॅब चिकटवताना कीबोर्डची जागा उजवीकडे धरावी.

फोनला जोडून काढणार असाल तर आधी चौकशी करा. बऱ्याच टॅबमध्ये फोनवर पाटीचा एक तुकडाच चालतो. दहा इंची घेऊन हातात स्मॉल आल्यासारखं होतं.

रोज ट्रेनने न्यायचा असेल तर सॅक बरोबर घेऊन दुकानात जा. लार्ज नेहमीच्या लॅपटॉप सॅकमध्ये बसत नाही. बाहेर कोपरा काढून सकाळी ८.४० च्या लोकलमध्ये चढायचं धाडस करू नका, तो कोपरा आधी कोणाच्या तरी बरगडीत आणि मग दरवाजावर आपटतो.

स्क्रीनवाला टॅब, म्हणजे पेन डिस्प्ले, घेताना हा सगळा हिशेब बदलतो. तिथे पेन आणि रेघ एकाच जागी असल्याने पटींचा प्रश्न मिटतो. पण १३.३ इंची डिस्प्लेचे जेमतेम २९४ × १६५ मिमी, त्यातून लेअरचं (चित्राच्या थरांचं) आणि ब्रशचं पॅनल वजा करा. उरलेल्या जागेत हात ठेवून पाहा. शिवाय मान वाकते. पहिलाच टॅब डिस्प्लेचा घ्यावा असं मला वाटत नाही.

आणि एक चूक मुंबईचीच. मे महिन्यात आणि पावसाळ्यात तळहाताची कड पाटीला चिकटते, हात सरकत नाही, म्हणून माणूस मनगटातूनच काढत राहतो आणि ठरवतो की "एवढा मोठा टॅब मला नकोच होता." टॅब बदलू नका. दोन बोटांचा हातमोजा मिळतो तो घाला. मी जुन्या सुती मोज्याचा पुढचा भाग कापून करंगळी आणि अनामिकेवर चढवते आणि दुपारी एकदा बदलते.

स्मॉल आधीच घेतला असेल तर

निराश होऊ नका. लगेच दुसरा घ्यायलाही धावू नका. ड्रायव्हरमध्ये पाटी पूर्ण स्क्रीनऐवजी स्क्रीनच्या ठरावीक भागावर बांधता येते. मॉनिटर २४ इंची असेल तर कॅनव्हासची खिडकी साधारण ३०० मिमी रुंद करा आणि पाटी तेवढ्यावरच बांधा. साडेतीन पटींवरून दोन पटींवर आलात. ब्रश आणि लेअर त्या भागाबाहेर गेले, तर त्यांना कीबोर्डचे शॉर्टकट लावा. प्रमाण याही भागाचं पाटीशी जुळलं पाहिजे, तेव्हा वाटी ठेवून पुन्हा तपासा.

झूम करून काढायची सवय मात्र बेताने लावा. झूम केल्याने थरथर लपते हे खरं, पण लांब रेघ चार तुकड्यांत काढावी लागते आणि जोड दिसतात. साडीच्या निऱ्या, गणपतीची सोंड, झाडाची फांदी, या रेघा एका दमात आल्या तरच जिवंत वाटतात. अशा रेघेसाठी झूम पूर्ण कमी करा, रेघ ओढा, नाही जमली तर पुसून परत ओढा. सात-आठ वेळा पुसावी लागेल. मला अजूनही तीन-चार वेळा लागतात.